शेजारी तयार नाही, असे कोण म्हणते?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला. चोवीस घरांची आमची इमारत. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे सामाईक वीजबिल दर उन्हाळ्यात वाढतच चाललेले. दहा किलोवॅटच्या संचाचा खर्च साधारण पाच-सहा लाख रुपये. केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळते, म्हणजे १ लाख ८० हजार. उरलेल्या रकमेसाठी प्रत्येक घराने पंधरा-सतरा हजार रुपये काढायचे. सचिवांनी हिशेब वाचून दाखवला आणि सभा एकदम गप्प झाली. कोणी मोबाइल पाहू लागले, कोणी खिडकीबाहेर. शेवटी एक ज्येष्ठ म्हणाले, “बाकीच्यांचं काय मत आहे ते बघा आधी.” विषय पुढच्या सभेवर गेला.

गंमत पुढेच आहे. जिना उतरताना एकाने मला थांबवले. “माझी तयारी होती हो डॉक्टर, पण आपले लोक पैसे काढणार नाहीत.” पार्किंगमध्ये दुसऱ्यांनी हेच ऐकवले. तिसऱ्या घरातल्या वहिनींनी सौ.ला फोन करून तेच सांगितले. आणि खरे सांगायचे तर मीही सभेत तोंड उघडले नव्हते, कारण मलाही तेच वाटत होते. म्हणजे तयार असलेली माणसे एकमेकांकडे पाहून ‘हे तयार नाहीत’ असे समजत गप्प बसली होती.

हा केवळ आमच्या सोसायटीचा रोग नाही. जगभराचा आहे, आणि त्याचे मोजमापही झाले आहे.

सव्वाशे देशांची नाडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीटर आंद्रे, तेओदोरा बोनेवा, फेलिक्स चोप्रा आणि आर्मिन फाल्क या अर्थशास्त्रज्ञांनी १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांची उत्तरे तपासली. प्रश्न साधा होता. तापमानवाढ रोखण्यासाठी तुम्ही दर महिन्याला उत्पन्नाच्या एक टक्का रक्कम द्याल का? ६९ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. आणखी सहा टक्के त्याहून कमी, पण काहीतरी द्यायला तयार होते. आपल्या सरकारने याबाबत अधिक काम केले पाहिजे, असे ८९ टक्क्यांना वाटत होते.

त्यानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तुमच्या देशातल्या शंभरांपैकी किती जण एक टक्का देतील, असे तुम्हाला वाटते? याचे सरासरी उत्तर आले ४३. प्रत्यक्षात तयार ६९, लोकांच्या अंदाजात ४३. हा २६ अंकांचा खड्डा म्हणजेच आमच्या सभेतली ती शांतता.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसली. ही तयारी श्रीमंत देशांत कमी आणि उष्ण, तुलनेने गरीब देशांत जास्त होती. अमेरिकेत ती जेमतेम ४८ टक्के. ज्याच्या अंगाला ऊन लागते त्याला सावलीची किंमत कळते, हे मराठवाड्यातल्या माणसाला अभ्यासाने सांगायची गरज नाही.

एक टक्का म्हणजे किती? महिन्याला पंचवीस हजार मिळवणाऱ्याचे अडीचशे रुपये. आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. मग एक दिवसाआड एक जार धरला तरी पाण्यापोटी महिन्याला चारशेच्या वर जातात. टँकर वेगळा, इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी, कूलर वेगळा, आणि उन्हाने आजारी पडल्यावर लावलेले सलाइन वेगळे. म्हणजे आपण पैसे देतोच आहोत. फक्त ते दुखणे रोखण्यासाठी नव्हे, तर दुखणे झाल्यावर, आणि प्रत्येक जण आपापल्या पुरते.

बोलणे आणि करणे

यावर कोणी विचारील, सर्वेक्षणात ‘हो’ म्हणायला काय जाते? प्रश्न रास्त आहे. माझ्या बाह्यरुग्ण विभागात हे ‘हो’ मी रोज ऐकतो. “तंबाखू सोडणार ना?” “हो साहेब, आजपासून बंद.” खिशातली पुडी टेबलावर काढून ठेवणारेही भेटतात. पुढच्या महिन्यात तोच माणूस, तीच पुडी. मिठाचे तेच, चालण्याचे तेच. हे लोक खोटे बोलत नसतात. त्या क्षणी त्यांना खरेच सोडायचे असते. पण इच्छा आणि सवय यांच्यामध्ये एक नदी आहे, आणि नुसत्या उपदेशाने तिच्यावर पूल होत नाही.

सवय बसायला २१ दिवस लागतात, असे आपण सर्रास ऐकतो. लंडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अडीचशेच्या वर. म्हणून पर्यावरण दिनाच्या एका शपथेवर काही बदलत नाही. सवय बदलते ती भोवतालची व्यवस्था बदलली की.

माझ्या उमेदीच्या काळात रुग्णालयाच्या व्हरांड्यात विडीचा धूर नेहमीचा होता. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. सुरुवातीला आम्हीही हसलो होतो. पण हळूहळू व्हरांडा मोकळा झाला. आज कोणी विडी पेटवलीच, तर सुरक्षारक्षकाच्या आधी शेजारचा नातेवाईक टोकतो. कायद्याने सुरुवात केली, पण काम पूर्ण केले ते त्या टोकणाऱ्या माणसाने.

दुसरे उदाहरण माझ्याच घरातले. घरचा एसी मी वर्षानुवर्षे २० अंशांवर चालवत असे. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे वाचूनही. मग नवा एसी घेतला. जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या तारांकित एसींवर सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले आहे. यंत्र सुरू केले की २४ दिसते, आणि मी आळसापोटी तिथेच राहू देतो. झोपही छान लागते. जे काम माझ्या सद्बुद्धीने पंधरा वर्षांत केले नाही, ते एका आकड्याने केले.

उलट उदाहरणही आपल्याच डोळ्यांसमोर घडले. राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१८ मध्ये बंदी आली. त्या जून-जुलैत गुलमंडीत आणि भाजी मंडईत कापडी पिशव्या परत आल्या होत्या. लोकांनी कपाटातून आजीच्या पिशव्या काढल्या. मग तपासणी सैल पडली, एका गाडीवर पातळ पिशवी दिसली, मग दुसऱ्या. ‘मी एकट्यानेच का?’ हा विचार साथीसारखा पसरतो. चांगली सवयही तशीच पसरते, तिला सुरुवातीचे काही रुग्ण मिळाले पाहिजेत एवढेच.

एका शहराच्या दोन खरेद्या

हे शहर एकत्र येऊन पैसे खर्च करण्यात मुळीच मागे नाही. वाचकांना ऑक्टोबर २०१० आठवत असेल. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी गट करून एकाच दिवशी तब्बल १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी. देशभर बातम्या झाल्या. त्यातल्या कित्येकांनी एकटे असताना मर्सिडीजचा विचारही केला नसता. पण मित्र घेतोय, शेजारी घेतोय, सवलत मिळतेय, बँक कर्ज देतेय, म्हटल्यावर तेही रांगेत आले.

बारा वर्षांनी, २०२२ मध्ये, याच शहरात तीच युक्ती वेगळ्या कामासाठी वापरली गेली. ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने उद्योजक आणि नागरिक एकत्र आले आणि त्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारींची गटाने नोंदणी केली. शंभराहून अधिक गाड्या एकदम रस्त्यावर आल्या. विजेच्या गाडीबद्दल तेव्हा प्रत्येकाच्या मनात धाकधूक होती. चार्जिंग कुठे करायचे, पुण्याला पोहोचू का, बॅटरी किती टिकेल? एकट्या गिऱ्हाइकाला या प्रश्नांनी मागे ओढले असते. शंभर जण सोबत असल्यावर ती धाकधूक वाटली गेली.

मोटार ही मूठभरांची गोष्ट, हे मान्य. आपली वीजही बरीचशी कोळशावर तयार होते, म्हणून विजेची गाडी म्हणजे शून्य धूर नव्हे. मला इथे गाड्यांचे कौतुक करायचे नाही. माणूस कसा हलतो ते पाहायचे आहे. तो आकडेवारी ऐकून हलत नाही, शेजाऱ्याला हललेले पाहून हलतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात मानसशास्त्रज्ञांनी सुमारे तीनशे घरांवर केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराला चिठ्ठी दिली, तुमचा वीजवापर इतका, तुमच्या आळीची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण गंमत अशी, की कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. आपण उगाच काटकसर करतोय, असे त्यांना वाटले असावे. मग ज्यांच्या चिठ्ठीवर सोबत एक हसरा चेहरा काढला होता, त्यांनी आपली काटकसर टिकवली. शाबासकीला पैसे पडत नाहीत, पण ती वेळेवर द्यावी लागते.

पैसा कुठे जातो, ते दिसले पाहिजे

आपल्या शहराजवळ, वाळूज परिसरात पाटोदा हे गाव आहे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना या गावाने राज्यभर नाव मिळवले. ग्रामपंचायतीचा सगळा कर जो भरेल, त्याचे दळण वर्षभर फुकट, हा तिथला गाजलेला नियम. पिण्याचे शुद्ध पाणीही कार्डावर मिळते. कर वसूल होत नाही, अशी तक्रार गावोगावी आहे. पाटोद्यातली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांना आपला पैसा रोज सकाळी पिठाच्या डब्यात दिसत होता, एवढाच फरक.

दूरच्या देशांतही हेच घडले. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनावरच्या वाढीव कराविरुद्ध पिवळी जाकिटे घातलेले लोक रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबरात सरकारला तो कर थांबवावा लागला. लोक पर्यावरणाचे वैरी होते म्हणून नव्हे. श्रीमंतांचा संपत्तीकर नुकताच कमी झालेला, आणि खेड्यातून रोज गाडीने कामावर जाणाऱ्याच्या माथी नवा भार, हे त्यांना पटले नाही. स्वित्झर्लंडमध्ये जून २०२१ च्या जनमतात इंधन आणि विमानप्रवासावर आकार लावणारा कायदा ५१.६ टक्के मतांनी फेटाळला गेला. दोनच वर्षांनी, जून २०२३ मध्ये, त्याच मतदारांनी हवामान कायदा ५९.१ टक्क्यांनी मंजूर केला. या वेळी नवा कर नव्हता. घर उबदार ठेवणारी जुनी तेलाची यंत्रणा बदलायला मदत होती. रोगी तोच, रोगही तोच. औषध देण्याची पद्धत बदलली तेव्हा ते पोटात राहिले.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. २०१५ मध्ये सरकारने सधन कुटुंबांना गॅस सिलिंडरचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले. सक्ती नव्हती, दंड नव्हता. गरीब घरातली चूल बंद व्हावी म्हणून, एवढेच कारण सांगितले गेले. वर्षभरात सुमारे एक कोटी कुटुंबांनी अनुदान सोडले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. आपले लोक दुसऱ्यासाठी दमडी सोडत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण इथेच एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला माझ्या रुग्णांनी शिकवली. छातीची नळी वाजणाऱ्या, कधी विडी न ओढलेल्या बायका आमच्याकडे येतात. चाळीस-चाळीस वर्षे चुलीपुढे बसून त्यांच्या फुप्फुसांची अवस्था रोज धूम्रपान करणाऱ्यासारखी झालेली असते. अशाच एका मावशींना मी विचारले, “घरी गॅस नाही का?” त्या म्हणाल्या, “हाय की. पाव्हणं आलं की पेटवते.” सिलिंडर भरायला लागणारी रक्कम त्यांच्या आठवड्याच्या मजुरीतला मोठा तुकडा होती. त्यांना चूल सोडायची नव्हती, असे कोण म्हणेल?

कोणाकडून किती मागायचे

मे महिन्यात आमच्या अपघात विभागात उष्माघाताचे रुग्ण येतात. अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर, कातडी तापलेली, भान हरपलेले. मेंदू, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांना त्या उष्णतेची झळ बसते. अंग थंड करायला जितका उशीर, तितका धोका मोठा. यात बहुतेक जण कोण असतात? स्लॅबवर काम करणारे मिस्त्री, बिगारी, शेतमजूर, हातगाडीवाले. त्यांच्याकडे मोटार नाही, एसी नाही, विमानाचे तिकीट त्यांनी पाहिलेले नाही. तापमानवाढीत त्यांचा वाटा नगण्य, आणि भोग सगळ्यांत मोठा. भारतीय माणसामागे वर्षाला सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकन माणसामागे सुमारे चौदा टन. आपल्या आतही असेच थर आहेत. शहरातला माझ्यासारखा माणूस आणि तो बिगारी यांना एकच सरासरी लावणे हा अन्याय आहे.

म्हणून ‘लोक तयार आहेत का’ हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारता येणार नाही. ज्याने धूर केला त्याला पैशांबद्दल विचारायचे. ज्याला ऊन लागते त्याला सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी द्यायची. त्याने आपला वाटा घामाने केव्हाच भरला आहे. २०१६ मध्ये ‘वॉटर कप’ स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यातला एक आपल्या मराठवाड्यातला अंबाजोगाई. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. ऐन उन्हाळ्यात पहाटे टिकाव-फावडी घेऊन माणसे चर खोदत होती. ज्याच्या खिशात पैसा नव्हता, त्याने अंग मोडून दिले. पुढे काही ठिकाणी साठलेले पाणी पुन्हा बोअरने उपसून उसाला गेले, हेही खरे आहे. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी केली, म्हणून तिथले पाणी टिकले. खोदायला उत्साह पुरतो, राखायला नियम लागतो.

मग आपण काय करायचे?

डॉक्टर म्हणून मी लांबलचक पथ्य सांगत नाही. रुग्ण ते पाळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, एकच सवय निवडा आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. दोन किलोमीटरच्या आतले काम पायी किंवा सायकलवर, असे ठरवले तरी पुरे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि ते वाचवणारी अर्ध्या तासाची चाल रक्तदाब आणि साखर दोन्हींना उतार देते. हवेचा फायदा नातवंडांना मिळेल तेव्हा मिळेल, तुमचा तुम्हाला तीन महिन्यांत रिपोर्टमध्ये दिसेल. दोन महिने मात्र चिकाटी धरा, मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सोडू नका.

दुसरी, जे कराल ते लपवू नका. आपल्याकडे चांगल्या कामाची वाच्यता करणे बढाई मानतात. पण तुम्ही सिटी बसने कामावर जाता, ओला कचरा घरीच जिरवता, हे शेजाऱ्याला कळलेच नाही, तर तो तुम्हाला त्या ४३ मध्येही धरणार नाही.

तिसरी, पैसे मागणाऱ्याला हिशेब मागा. सोसायटी असो, ग्रामपंचायत असो की महापालिका. आमच्याकडून घ्या, पण पाटोद्याच्या दळणासारखे दाखवा. हिशेब मागणे म्हणजे विरोध नव्हे. औषधाचा गुण विचारणारा रुग्ण मला न विचारणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आता आमच्या सोसायटीचे काय झाले ते सांगतो. पुढच्या सभेत सचिवांना मी एक विनंती केली. हात वर करायला सांगू नका, चिठ्ठ्या वाटा. नाव लिहायचे नाही, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. चिठ्ठ्या तिथेच उघडल्या. तीन-चार सोडून सगळ्यांवर ‘हो’ होते. खोलीत काही क्षण पुन्हा शांतता पसरली, पण ही वेगळी होती. मग ज्यांनी ‘नाही’ लिहिले होते त्यातल्या एका आजोबांनी स्वतःच सांगितले, की पेन्शनवर एकदम एवढी रक्कम जमणार नाही. त्यांच्यासाठी आणि आणखी एका घरासाठी हप्ते करून द्यायचे ठरले. पाच मिनिटांत ठराव झाला.

संच आता छतावर आहे. रोज चाळीसेक युनिट वीज देतो. वर्षाला हवेत जाणारा सुमारे दहा टन कार्बन डायऑक्साइड त्याने वाचेल. जगाच्या मानाने काहीच नाही. पण शेजारच्या दोन इमारतींचे सचिव हिशेब विचारायला येऊन गेले. त्यांना मी आकडे दिलेच, आणि सोबत चिठ्ठ्यांची युक्तीही सांगितली.